‘चक्कर आली तर घरी पाठवतील का?’

सैन्यात भरती झालेली पोरं उन्हाळ्यात हमखास हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. जावळीकडचा एक अग्निवीर आईसोबत आला, त्यालाही हीच धास्ती. मे महिन्यात अहिल्यानगरला ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं.

त्याचा सराव कसा, तर भर दुपारी, अंगात रेनकोट, पाणी घोटभर. ‘ऊन अंगात मुरवतोय.’ मध्ये दोन दिवस जुलाब झाले, तरी १६०० मीटर चुकवले नाहीत, हे आई कौतुकाने सांगत होती.

ऊन मुरतं, हे खरंच. पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. सुती कपड्यात, रोज थोडं थोडं वाढवत. घाम वाळला तरच अंग थंड होतं. रेनकोटात तो वाळतच नाही. वजन उतरतं ते पाण्याचं. आणि जुलाब, ताप किंवा रात्रभर जागरण झाल्यावर पळणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रणच.

हे त्याला पटकन पटलं. अडत होतं दुसरीकडेच. “आजारी आहे म्हटलं तर ट्रेनिंग देणारे उस्ताद कच्चा समजतील.” म्हणून पुढच्या वेळी त्याच्या चुलत्यांना बोलावलं, निवृत्त हवालदार. ते हसलेच. “अरे, सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी असल्याचं कळवणं, रोजचंच असतं. लपवून मैदानात पडलास तर तुला उचलायला चारजण लागतील, त्यांचीही पीटी जाईल.” पोराची हिंदी कच्ची, तिथेही जीभ अडणार. म्हणून चुलत्यांनी त्याला तिथेच सावधान उभं करून वाक्य घोकून घेतलं: “उस्ताद, कल से दस्त लगे हैं, एमआय रूम जाना है.” एमआय रूम म्हणजे तिथला दवाखाना.

सोबत्याकडेही लक्ष ठेवायला सांगितलं. तो झोकांड्या देऊ लागला, भलतंच बरळू लागला, विनाकारण चिडला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजायचा. ओरडून मदत बोलवायची, सावलीत न्यायचं, बूट-कपडे काढून अंगभर थंड पाणी ओतत राहायचं, बर्फ मिळाला तर तोही. गाडीची वाट पाहत नुसतं बसायचं नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

पाण्याचाही अतिरेक नको. तासाला दीड लिटरच्या वर ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, हे चुलत्यांनाही नवीन होतं.

निघताना आईने पिशवीतून ‘ताकदीची पावडर’ काढली. डब्यावर कॅफिन लिहिलेलं. ती घरीच ठेवायला सांगितली. सर्दीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. काही गोळ्यांनी घाम कमी येतो.