चालता चालता दुसरे काम: मोजायचे नेमके काय?

पक्षाघातानंतर चार महिन्यांनी आपला रुग्ण दहा मीटर अंतर १२.५ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर या गतीने, चालतो. तरीही कोणी हाक मारली की अडखळतो, तर एकाच वेळी दोन कामे देऊन त्याचे चालणे कसे तपासावे, असे आपण विचारले आहे. चालण्याबरोबर दिलेले दुसरे कामही मोजले नाही, तर ही चाचणी न घेतल्यासारखीच आहे, असे माझे मत आहे.

निरोगी माणसाचे चालणे बहुतांशी आपसूक होते. पक्षाघातानंतर पाऊल उचलण्याकडे, गुडघा सांभाळण्याकडे लक्ष द्यावे लागते, आणि तेच लक्ष हाकेकडे वळले की पाऊल चुकते. स्वीडनमधील लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९७ सालच्या अभ्यासात निवासगृहांतील ५८ वृद्धांपैकी १२ जण बोलायचे झाले की चालणे थांबवत, आणि त्यांपैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. हा गट केवळ पक्षाघाताच्या रुग्णांचा नव्हता, त्यामुळे तो आकडा आपल्या रुग्णाला जसाच्या तसा लावू नये. मात्र असे थांबणे दिसले तर त्याची नोंद जरूर करावी.

मी प्रथम रुग्णाला खुर्चीत बसवून शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगतो आणि एका मिनिटात किती उत्तरे बरोबर आली ते लिहून ठेवतो. नंतर नुसते चालणे, आणि शेवटी दोन्ही एकत्र. सुरुवातीचा आकडा दर वेळी बदलतो, नाहीतर सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्याण्णव हे पाठच होऊन जाते. समजा, वजाबाकी करताना तेच अंतर चालायला १६ सेकंद लागले, तर गती ०.६२५ झाली, म्हणजे सुमारे २२ टक्के घट. दुसऱ्या एखाद्याला १३ च सेकंद लागतात आणि आपण खूश होतो. पण नोंद पाहावी तर दोन उत्तरांनंतर तो गप्पच झालेला असतो. त्याने चालणे सांभाळले आणि वजाबाकी सोडून दिली. गती मंदावणे ही नेहमीच वाईट खूण नसते. मला अधिक काळजी वाटते ती वेग न घटवता उत्तरे देत राहणाऱ्या, पण बाधित पायाची बोटे जमिनीला घासू लागलेल्या रुग्णाची, आणि ते घड्याळात दिसत नाही.

दहा मीटरांत जेमतेम चार-पाच उत्तरे होतात, म्हणून जागा असल्यास मिनिटभर फेऱ्या मारायला लावाव्यात. ‘दोन्हीकडे सारखे लक्ष द्या’ की ‘चालणे सांभाळा’, यांपैकी कोणती सूचना दिली तेही लिहावे, कारण सूचना बदलली की निकाल बदलतो. वाचाघात (पक्षाघातामुळे बोलण्यात किंवा बोललेले समजण्यात येणारी अडचण) असलेल्या रुग्णाला तोंडी वजाबाकी दिली तर आपण त्याची भाषाच तपासत राहतो. त्याला चांगल्या हातात पाण्याचा पेला द्यावा आणि किती पाणी सांडले ते पाहावे.

चाचणी घेताना रुग्णाच्या बाधित बाजूला, किंचित मागे राहावे आणि उत्तरे टिपायला दुसरे माणूस घ्यावे. मी एकदा वही आणि घड्याळ दोन्ही स्वतःच सांभाळत होतो, तेव्हा रुग्णाचा तोल जात असलेला मला उशिरा दिसला.