बाळंतिणींसाठी बचत गटाने काय करावं: माझं मत

ताई, तुम्ही विचारलंय की गटातर्फे नवीन आयांसाठी महिन्यातून एकदा आहारावर व्याख्यान आणि योगा ठेवायचाय, कसं वाटतं. स्पष्ट सांगते, बाळंतीण हॉलपर्यंत येणारच नाही. सव्वा महिना तर ती घराबाहेर पडत नाही, नंतर बाळ झोपलं की भांडी तरी नाहीतर तिची स्वतःची झोप तरी. मी बरीच वर्षं गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख आणि मदत करणारी) म्हणून आशांबरोबर फिरलेय त्यावरून सांगते, आपणच तिच्या घरी जायचं, आणि तिच्यापेक्षा जास्त बोलायचं ते तिचं ताट वाढणाऱ्या बाईशी.

कारण ताटात काय पडणार ते ती ठरवतच नाही. पाणी कमी दे पोट सुटेल, केळं नको बाळाला सर्दी होईल, ही डाळ वातूळ ती भाजी वातूळ, असं करत करत शेवटी भात-तूप उरतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात आणि तहान लागेल तेवढं पाणी लागतं. पण सासूबाईंना "तुमचं चुकतंय" म्हणालात की पुढच्या वेळी चहासुद्धा मिळणार नाही 😄 आधी त्यांच्या बाजरीच्या भाकरीचं, अळिवाचं, शेपूच्या भाजीचं कौतुक करा (खोटं नाही, चांगलंच आहे ते) आणि मग हळूच म्हणा की याच्याबरोबर वाटीभर डाळ आणि एक अंडं असू द्या की. बंद खोलीतल्या धुरीचं मात्र स्पष्ट सांगा, तो धूर बाळाच्या छातीत जातो.

डिंकाचे लाडू जिला गरोदरपणात शुगर निघाली होती तिच्यासाठी नकोत. तिची सहा आठवड्यांनी ग्लुकोज पाजून शुगर परत तपासायची असते, बाळाच्या डोसला सगळे जातात आणि ही टेस्ट तेवढी राहून जाते. तुमच्या गटाने एवढी एक टेस्ट जरी करून घेतली ना तरी मोठं काम.

दुसरं, पहिलटकरीण माहेरी जाते आणि तिथे सगळी गडबड होते. नाव सासरच्या अंगणवाडीत, बाई माहेरी, मग पोषण आहाराचं पाकीट कुठे जातं देव जाणे, आणि आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात त्यांना ती आलीय हे कळतच नाही. म्हणून लेक माहेरी आली की गटातल्या बाईने माता-बाल कार्ड बघायचं आणि त्याच आठवड्यात अंगणवाडीताई, आशाताई दोघींना कळवायचं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, बहुतेक घरी त्या फ्रिजवर पडलेल्या सापडतात. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, एवढं सांगून या.

योगाचं म्हणाल तर घाई नको. नॉर्मल झालेली असेल तर अंगणात चालणं लवकर सुरू करता येतं, सिझर असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि भरलेला हंडा उचलणं तर नकोच. पोट कसकसून बांधल्याने पोट आत जात नाही हो. खोकताना, हसताना लघवी होते हे कोणी आपणहून सांगत नाही, एकटीला गाठून विचारा, ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम बसल्या बसल्या करता येतो, त्याने खूप फरक पडतो.

पहिले काही दिवस रडू येणं चालतं. दोन आठवड्यांच्या वर गेलं, किंवा बाळाकडे बघावंसंच वाटत नाही म्हणाली, तर नाटकं नाहीत ती, दवाखान्यात न्या, 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. खूप रक्त अंगावरून जाणं, ताप, घाण वास, डोकं फुटल्यासारखं दुखणं यात मात्र कोणाची वाट बघायची नाही, 108 लावा.

आणि गेल्यावर अर्धा तास बाळ घ्या. तेवढ्यात तिला निवांत अंघोळ करू द्या, गरम जेवू द्या. याला पैसे लागत नाहीत, व्याख्यानाच्या माईक-मंडपाला लागतात, त्या पैशात अंडी येतील.

सुरू करण्याआधी आशाताईंशी बोला, नाहीतर त्यांना वाटेल आपल्यावर लक्ष ठेवायला आल्या. गटात बायका किती आणि गावात वर्षाला बाळंतपणं साधारण किती ते लिहा, मग कोणी कोणाकडे जायचं याची वाटणी सांगते.