बक्षीसपत्रानं घर मुलाला दिलं, आता तो आईला उपाशी ठेवतो. शेजारी काही करू शकतात का?

हो, करू शकता आणि वेळ घालवू नका. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी 2007 चा केंद्रीय कायदा आहे. त्याचं न्यायाधिकरण महाराष्ट्रात प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे असतं. आजींना स्वतः जाणं जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती त्यांच्या वतीनं अर्ज करू शकते. त्यामुळे साध्या कागदावर त्यांची सही किंवा अंगठा घ्या.

आधी बक्षीसपत्राची नक्कल मिळवा आणि शांतपणे वाचा. ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांचा सांभाळ करतील’ अशा अर्थाचं वाक्य कुठे आहे का ते शोधा. सांभाळाची अट असेल आणि ती मोडली असेल, तर कलम 23 खाली ते बक्षीसपत्रच रद्द करून मागता येतं. अट नसेल तर हे अवघड जातं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अट दाखवावीच लागेल असं सांगितलं. बक्षीसपत्राबरोबर मुलानं वेगळं हमीपत्र लिहून दिलं असेल तर तेही जोडा. 2025 च्या निकालात असा कागद आईच्या कामी आला.

पोटगीचा अर्ज मात्र अट असो-नसो करता येतो.

मारहाण होत असेल किंवा औषधं बंद केली असतील, तर आजच 112 ला फोन करा. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे. आणि मुलाशी बोलायला जाण्याआधी आजींना एकट्यांना विचारा. त्यांना त्याच घरात रात्र काढायची आहे.