मी डिझायनर नाही. पानाची मांडणी आणि टायपोग्राफी शिकायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? त्यासाठी उपजत नजर लागते का?

नजर लागत नाही. "ती दृष्टी मुळात असावी लागते" हे वाक्य मी एका माणसाकडून इतक्यांदा ऐकलंय की तुमच्या प्रश्नात ते पुन्हा दिसल्यावर हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

मी मुद्रितशोधक आहे. चित्रकलेशी शाळेनंतर संबंध आला नाही. रुग्णसेवा करणाऱ्या एका संस्थेला पुस्तिका काढायची होती: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची. कूस कधी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज काय बघायचं, नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच कशी ठेवायची. मजकूर डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी लिहिलेला, उत्तम. वाचणार कोण? रात्रभर जागलेला नातेवाईक, बहुधा स्वतःच साठीच्या पुढचा, कमी उजेडात. मी ए५ आकार धरला (१४८ × २१० मिमी), अक्षर १२ पॉइंट (पॉइंट हे छपाईतलं अक्षराचं आणि अंतराचं माप), एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत १९ पॉइंट आणि ऐसपैस समास. पानं झाली ३६. संस्थेच्या खजिनदारांना २८ हवी होती.

त्यांनी ओळींचं अंतर १३ पॉइंटांवर आणलं आणि समास कापले. "एवढी पांढरी जागा छापायचे पैसे कशाला द्यायचे?" मी हरकत घेतली तेव्हा ते वाक्य आलं. मांडणी हा दृष्टीचा विषय, ती डिझायनरला असते, तुम्हाआम्हाला त्यातलं काय कळतंय, राहिली ती तुमची वैयक्तिक आवड.

यात आवडीचा काही संबंध नव्हता. देवनागरीच्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतात आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण. रोमन लिपीत १२ पॉइंटांच्या अक्षराला साडेचौदा-पंधरा पॉइंटांचं अंतर पुरतं, म्हणून तिथले आकडे उचलून मराठीला लावले की गर्दी होते. आम्ही वापरत होतो त्या फॉन्टात १३ वर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसत होते, काही अनुस्वार उकाराला चिकटून दिसेनासे झाले होते. त्यात समास कापल्यामुळे ओळी लांबल्या. लांब ओळ संपवून डोळा डावीकडे परत येतो तेव्हा त्याला पुढची ओळ सापडावी लागते, आणि ती सापडते मधल्या पांढऱ्या पट्टीच्या आधाराने. पट्टी गेली की आधार गेला.

मी दोन्ही पानं छापली आणि संस्थेत रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका मावशींना मोठ्याने वाचायला दिली. घट्ट पानावर त्यांनी एक ओळ दोनदा वाचली आणि पुढे एक गाळली. गाळलेल्या ओळीत भरवल्यावर रुग्णाला लगेच आडवं करू नये असं लिहिलं होतं. सैल पान त्यांनी न अडखळता वाचलं. खजिनदार म्हणाले, "त्यांना वाचायची सवय नाही." अहो, सवय नसलेल्या माणसांसाठीच तर ती पुस्तिका होती!

शेवटी पानं मी दुसरीकडून कमी केली. पदाधिकाऱ्यांची मनोगतं सहा पानं खात होती, आणि एकच सूचना तीन प्रकरणांत आली होती. दोन्ही काढलं. पिना मारून शिवायच्या पुस्तिकेची पानं चाराच्या पटीत लागतात, एकोणतिसावं पान निघालं की थेट ३२ होतात, त्यामुळे शेवटची काही वाक्यं मोजूनमापून छाटावी लागली. २८ पानं झाली आणि अंतर १९ च राहिलं. खजिनदार आजही ती पुस्तिका "डिझायनरकडून करून घेतल्यासारखी" आहे म्हणतात. ते कौतुक मला बोचतं. जे शिकता येतं, मोजता येतं, त्याला दैवी देणगी ठरवलं की पुढच्या वेळी पुन्हा कुणीतरी १३ पॉइंट करतो आणि आपल्याला गप्प बसवतो.

यान चिखोल्ड हा विसाव्या शतकातला मोठा टायपोग्राफर. १९४७ मध्ये पेंग्विन प्रकाशनात गेल्यावर त्याने खिळे जुळवणाऱ्यांसाठी काही पानांची नियमावली काढली. शब्दांतली जागा केवढी, विरामचिन्हं कशी, परिच्छेदाची सुरुवात कुठून, असं सगळं त्यात होतं. वेगवेगळ्या छापखान्यांतल्या कामगारांनी ती पाळावी अशी अपेक्षा होती आणि त्यासाठी कुणाची नजर तपासली गेली नाही.

तर तुम्ही काय शिकायचं? एक परिच्छेद नीट लावायला शिका. फॉन्टांच्या याद्या, रंगसंगती, लोगो नंतर. एकाच मजकुराची पाच-सहा पानं करा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला: अक्षराचा आकार, ओळीची लांबी, ओळींमधलं अंतर. मराठीसाठी मी अंतर अक्षराच्या दीडपटीपासून सुरू करते आणि ओळीत आठ ते अकरा शब्द बसतील एवढीच लांबी ठेवते. पॉइंटांचा आकडा मात्र देव मानू नका. एका फॉन्टातलं १२ दुसऱ्यातल्या १४ एवढं दिसू शकतं. मथळा त्याच्या खालच्या मजकुराचा असतो, म्हणून त्याच्या वर जास्त जागा सोडा, खाली कमी. एवढ्या एका गोष्टीने पान निम्मं सुधारतं. मथळ्यांच्या पातळ्या दोन, फार तर तीन.

दोन्ही कडा सरळ करायचा मोह टाळा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून शब्द लांबतात, ते ओळीच्या शेवटी सहसा तोडले जात नाहीत, आणि अरुंद स्तंभात शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अधोरेखन उकारांवरून जातं, ते नको. देवनागरीला तिरक्या अक्षराची जुनी परंपरा नाही. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर सरळ अक्षर नुसतं कलवतं, आणि ते तसंच दिसतं. जोर द्यायचा तर ठळक करा, पण लहान आकारात ठळक 'क्ष' आणि 'ज्ञ' यांची पोटं भरून जातात हे बघा.

फॉन्ट घेताना मराठी वळणाचे ल आणि श आहेत का ते पाहा. काही युनिकोड फॉन्टांत ते असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय दिसत नाहीत. सलग वाचनासाठी तिरो देवनागरी मराठी मला आवडतो. मुक्ता साधा आहे आणि त्यात बारीक ते ठळक अशी वजनं भरपूर मिळतात. दोन्ही फुकट आहेत.

आता सॉफ्टवेअर. तुमच्याकडे वर्ड किंवा लिब्रेऑफिस असेल तर त्यातच शिका, फक्त प्रत्येक गोष्ट स्टाइलमधून करा (म्हणजे मथळ्याचं, मजकुराचं रूप एकदाच ठरवून नाव देऊन ठेवायचं आणि सगळीकडे तेच लावायचं), हाताने एकेक मथळा रंगवू नका. दोन्हींत देवनागरीचा फॉन्ट आणि आकार कॉम्प्लेक्स लिपीच्या वेगळ्या रकान्यात भरावा लागतो. आकार बदलूनही काही होत नाही म्हणून लोक डोकं आपटतात, ते यामुळे. इनडिझाइन या पानं मांडायच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. त्याच कामाचं स्क्रायबस फुकट आहे, पण त्याची १.६ आवृत्ती घ्या, १.४ मध्ये देवनागरी नीट जुळत नव्हती.

वरचं सगळं सलग वाचायच्या मजकुराबद्दल आहे. पोस्टर, मुखपृष्ठ, जाहिरात यांचं शास्त्र वेगळं, आणि तिथे मीसुद्धा डिझायनरकडे जाते, पैसे देऊन. फोनच्या पडद्यावरही ओळीत आठ शब्द बसत नाहीत, तिथे निदान ओळींचं अंतर तरी सोडू नका. आणि पडद्यावर मोठं करून पाहिलेल्या पानावर निर्णय घेऊ नका. शंभर टक्के आकारात छापा, आणि मजकूर आधी न पाहिलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या. तो अडखळेल तिथे खूण करत जा.