हारुनाचा घाट, कपातलं पाणी आणि सिनेमातला बाप

‘इनिशियल डी’ या घाटातल्या शर्यतींच्या जपानी मांगावर, म्हणजे चित्रकथेवर, २००५ साली निघालेल्या सिनेमाबद्दल वाचकांचे प्रश्न अजून येतात, आणि त्यातले बरेच तक्रारीच्या सुरात असतात. ज्यांना हे सगळंच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: शुइची शिगेनो यांचा मांगा १९९५ ते २०१३ असा १८ वर्षं चालला, त्याचे ४८ खंड झाले. अ‍ॅनिमे (त्यावरची कार्टून मालिका) १९९८ मध्ये आला. सिनेमा हाँगकाँगचा, दिग्दर्शक अँड्र्यू लाउ आणि अ‍ॅलन माक. नायक ताकुमी फुजिवारा हा टोफूवाल्याचा मुलगा. तो वडिलांच्या जुन्या टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनोतून, म्हणजे एई८६ मधून, पहाटे घाट चढून हॉटेलात टोफू पोचवतो आणि त्याच घाटात नकळत मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकतो.

प्रश्न: मूळ मालिकेचे चाहते या सिनेमावर इतके नाराज का? गाड्या तर उत्तम दाखवल्या आहेत.

गाड्यांबद्दल तक्रार नाहीच. खऱ्या गाड्या खऱ्या घाटात पळवल्या आहेत आणि ते पडद्यावर जाणवतं. राग आहे तो माणसांबद्दल. ताकुमीचा प्रतिस्पर्धी केइसुके ताकाहाशी आणि त्याची पिवळी माझदा आरएक्स-७ सिनेमात नाहीत. इत्सुकी हा ताकुमीचा साधा मित्र, त्याला पेट्रोल पंपाच्या मालकाचा मुलगा केलं. मालिकेतलं युरोबीट हे वेगवान नाचाचं संगीत गेलं, त्याजागी सिनेमात ताकुमी झालेला गायक जे चाऊ याची गाणी आणि हिप-हॉप आलं. अ‍ॅनिमे पाहताना ज्यांच्या कानात तो ठेका बसला, त्यांना शर्यतीच जणू मुक्या वाटतात.

पण आमच्या मते सगळ्यात मोठी चूक बुंताच्या, म्हणजे ताकुमीच्या वडिलांच्या बाबतीत आहे. मूळचा बुंता डोळे मिटल्यासारखा बसलेला, सिगारेट ओढणारा, चार शब्दांत बोलणारा माणूस. पोराला तेराव्या वर्षापासून गाडी देतो आणि शिकवतोय हे त्याला कळूही देत नाही. सिनेमात तो दारुडा आणि पोराशी दांडगाई करणारा झाला. अँथनी वाँग यांनी ही भूमिका झकास केली, त्यांना तैवानच्या गोल्डन हॉर्स चित्रपट सोहळ्यात सहायक अभिनेत्याचा पुरस्कारही मिळाला. अभिनयाला नावं ठेवायला जागा नाही. लिहिणाऱ्यांनी घोटाळा केला. दारूच्या नशेत असलेला बाप पाच वर्षं रोज पहाटे इतकी शिस्त लावू शकतो, हे पटत नाही. आणि ते पटलं नाही की ताकुमीचं कौशल्य आभाळातून पडल्यासारखं दिसतं.

प्रश्न: जे चाऊचा चेहरा कोरा वाटतो. निवड चुकली का?

नाही. ताकुमी मुळातच अर्धवट झोपेतला, कशाचं फारसं कौतुक नसलेला मुलगा आहे. जे चाऊचा हा पहिलाच सिनेमा होता आणि त्याचा तो संकोच भूमिकेला उपयोगी पडला.

प्रश्न: बुंता गाडीत पाण्याचा कप ठेवायला लावतो. ते पाणी न सांडता घाट उतरणं खरंच शक्य आहे का?

काही मर्यादेपर्यंत, हो. हिशोब सोपा आहे. ७ सेंटिमीटर व्यासाचा कप घ्या, पाणी काठापासून २ सेंटिमीटर खाली ठेवा. वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतका आडवा रेटा, म्हणजे ०.५ जी, बसला की पाणी साधारण २७ अंशांनी कलतं आणि एका कडेला पावणेदोन सेंटिमीटर चढतं. सांडत नाही. पण हाच रेटा झटक्यात बसला तर पाणी जवळजवळ दुप्पट, साडेतीन सेंटिमीटर उसळतं आणि बाहेर येतं. अशा कपातलं पाणी सेकंदाला साधारण साडेतीन हेलकावे खातं, त्यामुळे रेटा अर्ध्या सेकंदात चढवला तरी उसळी बरीच मरते. कप वेग मोजत नाही, तो धसका मोजतो.

मांगामध्ये पाणी कपाच्या कडेने गोल फिरतं, ते बारकाईने बघा. ब्रेक दाबला की पाणी पुढच्या कडेला चढतं. मग ब्रेक जेवढा सोडाल तेवढंच स्टिअरिंग वळवलं, तर एकूण रेटा तेवढाच राहतो, फक्त त्याची दिशा पुढून बाजूला सरकते. पाणी खाली न पडता कडेकडेने सरकत जातं. टायरची पकड पुरेपूर वापरायची रीतही नेमकी हीच आहे.

अतिशयोक्ती आहे ती वेगाची. टायर पकड सोडायच्या बेतात, ०.८ जीच्या आसपास असतील, तर पाणी पावणेतीन सेंटिमीटर चढतं. मग हात कितीही हलका असो, सांडणारच.

करून बघायचं तर बंद, मोकळ्या मैदानात बघा. २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा, दुसरा गिअर, ताशी ३० किलोमीटर. एवढ्यात ०.३५ जी मिळतो आणि पाणी सव्वा सेंटिमीटर चढतं. कप होल्डरमध्ये घट्ट बसलेला हवा. सुटून पेडलखाली गेला तर ब्रेक दाबला जाणार नाही. चालवणाऱ्याने कपाकडे पाहायचं नाही, ते काम शेजारच्याचं.

प्रश्न: १६०० सीसीची जुनी गाडी स्कायलाइन जीटी-आरला हरवते, हे कसं मान्य करायचं?

सपाट रस्त्यावर मान्य करूच नका. एई८६ चं ४ए-जीई इंजिन १५८७ सीसीचं, कागदावर १३० पीएस (अश्वशक्ती). प्रतिस्पर्धी नाकाझातोची जीटी-आर (आर३२ मॉडेल) २५६८ सीसी, दोन टर्बो, २८० पीएस. पण ट्रुएनोचं वजन साधारण ९४० किलो आणि जीटी-आरचं १४३०. चालकासह १०१० आणि १५०० धरा. ताशी १०० वरून ५० वर यायला हलक्या गाडीच्या ब्रेकना सुमारे २९० किलोज्यूल पचवावे लागतात, जड गाडीच्या ब्रेकना ४३०. असं वळणामागून वळण चालतं तेव्हा जड गाडीचे ब्रेक आणि पुढचे टायर आधी तापतात, आणि गाडीचं नाक वळणाबाहेर जायला लागतं. शिवाय उतार दोघांनाही ढकलतो, त्यामुळे ताकदीचा फरक थोडा झाकला जातो. चढावर हीच शर्यत लावली तर निकाल उलटा लागेल, आणि मांगालाही ते ठाऊक आहे: ताकुमीचं नाव उतारासाठीच आहे. जाताना गाडीत टोफू असतो म्हणून सावकाश. परतताना गाडी रिकामी.

प्रश्न: ड्रिफ्ट करताना, म्हणजे वळणावर गाडी आडवी घसरवताना, वेळ वाया जातो ना? मग सिनेमातला नायक जिंकतो कसा?

मोठ्या कोनात, धूर काढत केलेल्या ड्रिफ्टमध्ये वेळ जातोच. डांबरावर साध्या टायरची सगळ्यात चांगली पकड थोड्याशाच घसरणीला असते. त्यापुढे गाडी आडवी जितकी जास्त, तितका वेग रबरात जळतो. सिनेमात कोन मोठे ठेवलेत ते डोळ्यांना आवडतात म्हणून. चाहत्यांची ही तक्रार रास्त आहे.

ब्रेकिंग ड्रिफ्टची रीत अशी. गाडी सरळ असताना ब्रेक. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. पायाचा पुढचा भाग ब्रेकवर तसाच ठेवून कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी द्यायची आणि खालचा गिअर टाकायचा, म्हणजे मागच्या चाकांना हिसका बसत नाही. थोडा ब्रेक शिल्लक असतानाच स्टिअरिंग वळवायचं. मागची बाजू सुटली की उलटं स्टिअरिंग, आणि मग अ‍ॅक्सिलरेटरवर कोन सांभाळायचा. बिघडतं ते दोन ठिकाणी. घाबरून पाय एकदम उचलला की मागच्या चाकांना अचानक पकड मिळते आणि गाडी विरुद्ध बाजूला फेकली जाते. दुसरं, डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) साधा असेल तर आतलं हलकं चाक नुसतं गरगरतं आणि गाडी कोन धरतच नाही. म्हणून एका चाकाला असं नुसतं गरगरू न देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल लागतो. आणि हे शिकायची जागा ट्रॅक. घाटात समोरून कोणीतरी घरी चाललेलं असतं.

प्रश्न: ताकुमी रस्त्याकडेच्या गटारात चाक घालून वळण घेतो, ती युक्ती खरी आहे का?

कल्पना खुळी नाही. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर असतं, आतली हलकी असतात. आतलं चाक गटारात उतरवलं की टायरची बाजू गटाराच्या रस्त्याकडच्या भिंतीला अडकते आणि ती भिंत गाडीला बाहेर जाऊ देत नाही. पण गटार अर्ध्यात झाकलेलं निघालं, पाला साचला असला किंवा खोली गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेपेक्षा जास्त असली, की रिम वाकतो, सस्पेन्शनचा आर्म तुटतो. कागदावरच बरी.

प्रश्न: मांगात ताकुमीच्या गाडीला पुढे बसवलेलं नवं इंजिन ११,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, फिरतं म्हणतात. शक्य आहे?

४ए-जीईचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७७ मिलिमीटर. ११,००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २८ मीटरच्या वर जातो. मूळ इंजिन ७,६०० च्या आसपास थांबतं, तेव्हा तो साडेएकोणीस असतो. म्हणजे हलके पिस्टन, मजबूत कनेक्टिंग रॉड, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग हे सगळं शर्यतीच्या दर्जाचं हवं, आणि इंजिन वरचेवर उघडून भाग बदलायची तयारी हवी. मांगातला सुंदर तपशील असा, की नवं इंजिन मिळाल्यावर ताकुमीला गाडी मंदच वाटते. जुन्या सवयीने तो गिअर लवकर बदलतो. इंजिनची खरी ताकद त्याच्याही वर सुरू होते. उपाय काय, तर आधी योग्य टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) बसवणं.

प्रश्न: तो घाट बघता येतो का?

येतो. गोष्टीतला अकिना म्हणजे जपानच्या गुनमा प्रांतातला हारुना, प्रांतिक रस्ता क्रमांक ३३. ओळीने येणारी पाच हेअरपिन (जवळजवळ उलट फिरणारी) वळणं तिथेच आहेत. ड्रिफ्ट करणाऱ्यांना आवर घालायला रस्त्यावर उंचवटे घातले आहेत, तेव्हा भाड्याची गाडी सावकाश न्या. हिवाळ्यात बर्फ असतो. शिबुकावातलं जे दुकान सिनेमात टोफूचं दुकान म्हणून दाखवलं ते आता पाडलं आहे. त्याचा दर्शनी भाग मात्र इकाहोच्या खेळणी, बाहुल्या आणि मोटारींच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.