ब्राऊन-आइड म्हणजे घारा? कृपा करा!

प्रश्न असा आहे : अमेरिकन गायक जॉन फोगर्टीच्या ‘सेंटरफील्ड’ (१९८५) या बेसबॉलवरच्या गाण्यात तिसऱ्या बेसला (धावेच्या वाटेवरच्या शेवटच्या थांब्याला) वळसा घालून होमकडे (जिथे धाव पूर्ण होते तिकडे) धावणारा ‘ब्राऊन-आइड हँडसम मॅन’ कोण? त्याला ‘घारा, देखणा पुरुष’ म्हणता येईल का? आणि त्यात काही चावट अर्थ दडलाय का?

चावट काही नाही. प्रणयाची मजल बेसच्या क्रमाने मोजायची अमेरिकन रीत आहे खरी, पण इथे धाव म्हणजे धाव.

‘घारा’ मात्र ताबडतोब खोडा. इंग्रजीत ब्राऊन दिसलं की मराठीत घारं लिहायचं, ही खोड जाता जात नाही. ते ज्यांना ब्राऊन आइज म्हणतात, त्या डोळ्यांना आपण सरळ काळे म्हणतो. आपले घारे डोळे फिकट, हिरवट-करडे, ‘गोरीपान, घारी’ या जोडीतले. काही जाणकार ‘घारीसारखे म्हणून घारे’ अशी व्युत्पत्ती छातीठोकपणे देतात. त्यांनी घार जवळून पाहिली आहे का? आपल्या आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीचे डोळे चांगले गडद तपकिरी असतात! म्हणजे रंगावरून ही व्युत्पत्ती लंगडी पडते. माझ्या मते साम्य असलंच तर ते रोखून बघण्याचं.

असो. ती ओळ मुळात चक बेरी या कृष्णवर्णीय रॉक-अँड-रोल गायकाच्या १९५६ सालच्या गाण्यातली. तिथे पहिल्याच कडव्यात नायकाला अटक होते, आरोप काय तर बेरोजगारी! अमेरिकेच्या दक्षिणेत भटकेगिरीचे कायदे कृष्णवर्णीयांवर कसे चालवले जात, हे माहीत असणाऱ्याला डोळ्यांच्या रंगाआड लपलेला कातडीचा रंग लगेच दिसते. अशा माणसाला घारा करणं म्हणजे त्याला थेट चित्पावनांच्या पंगतीला बसवणं. शेवटच्या कडव्यात तो चेंडू प्रेक्षकांत टोलवून सामना जिंकतो. हा कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, असं बरेच जण सांगतात. १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून त्याने मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली होती, तेव्हा तर्क पटतो. पण बेरीने नाव घेतलेलं नाही.

त्याच कडव्यात ‘दोन-तीन’ असा काउंट, म्हणजे स्ट्राइक (फलंदाजाच्या विरुद्ध मोजलेले चेंडू) आणि बॉल (टप्प्याबाहेर पडलेले, त्याने सोडलेले चेंडू) यांचा हिशेब, येतो आणि पंडित लगेच बेरीची चूक काढतात. आज आधी बॉल, मग स्ट्राइक सांगतात. त्या हिशेबाने तीन स्ट्राइक झाले, फलंदाज बाद, मग टोला कसला मारणार? अहो, स्ट्राइक आधी मोजा : दोन स्ट्राइक, तीन बॉल. फुल काउंट, म्हणजे दोन्ही बाजू काठावर! जपानी व्यावसायिक बेसबॉलमध्ये २००९ च्या हंगामापर्यंत काउंट असाच, स्ट्राइक आधी धरून, सांगत. तिथे कुणालाही हे ‘दोन-तीन’ खटकलं नसतं.