मॅनेजरचे निर्णय नेमके कशावर ठरतात?

माझ्या मते सगळ्यात आधी वेळ आणि हाताशी असलेली माहिती. हर्बर्ट सायमन (१९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांचं म्हणणं हेच होतं: माणूस सगळे पर्याय तपासत बसत नाही, चालण्यासारखा पर्याय सापडला की थांबतो.

आमच्या सोलापुरातला अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना डोळ्यासमोर आणा. ऑर्डरची चौकशी आली की भाव दोन दिवसांत कळवायचा असतो. महिन्याभराने सूत काय भावाने मिळेल, हे तेव्हा कोणालाच माहीत नसतं. मग मॅनेजर मागच्या ऑर्डरचा आकडा धरतो आणि त्यात थोडं वरखाली करतो. पहिल्या आकड्याला मन असं चिकटतं, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं. त्याच दोघांचं १९७९ चं काम सांगतं की फायद्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख जास्त बोचतं. जुने साधे माग काढून रॅपियर (बिनधोट्याचे वेगवान माग) घ्यायचं वर्षानुवर्षं लांबतं, त्यात कर्जाइतकाच या भीतीचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मालकाचा स्वभाव, कायदे, बँक हे तर आहेच.

पण एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे कामगार. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा खात्यात हजेरी किती राहील हे मुकादमाला पक्कं ठाऊक असतं. त्याला न विचारता डिलिव्हरीची तारीख दिली, की पुढे रात्रपाळ्या लावाव्या लागतात.